आजारी बाईनं पुस्तक लिहावं का?

बायको गेल्यापासून घरात कुणाचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून इथे इंग्लंडात, हॅलिफॅक्सच्या दवाखान्यात मी वेळेआधीच जाऊन बसतो. काल शेजारी दोघी बहिणी होत्या. धाकटी, बेरिल, दोन खुर्च्यांवर आडवी झाली होती.

"ग्लेनिस, या थकव्यावर पुस्तक लिहू का गं? निम्मे डॉक्टर म्हणतात आजार आहे, निम्मे म्हणतात नखरे."

"पेपरवाले तर म्हणतात श्रीमंतांचा आजार आहे."

"हो ना. गालिच्यांच्या गिरणीत राबताना मी फारच श्रीमंत होते."

"लिहू नकोस. डॉक्टर म्हणेल, पुस्तक लिहिते म्हणजे ठणठणीत आहे. आजारपणाचा दाखला देणं बंद करेल, मग भत्ताही गेला."

"आणि नाही लिहिलं तर सगळे नखरेच म्हणत राहणार."

"उशाखालच्या वहीत किती झालंय?"

"तुला कसं कळलं?"

"चादरी कोण बदलतं तुझ्या?"

"नऊ पानं. दीड वर्षात."

"दीड वर्षात नऊ? मग लिहीच तू. फक्त रोजच्या ओळींपुढे तारीख घाल. कोणी ठणठणीत म्हणालं तर तारखा दाखवू, किती हळू लिहितेस ते."

"हे बरंय. आज किती तारीख?"

"चौदा," मी म्हणालो.

"तुम्ही ऐकत होतात होय, आजोबा?"

"पहिल्यापासून."

"मग पुस्तक घ्याल का माझं?"

"घेईन, पण लवकर लिही. मी अठ्ठ्याहत्तरचा आहे."

"लवकर लिहिलं तर डॉक्टर खरा ठरेल. त्यापेक्षा तुम्हीच जरा थांबा."