इकडे येऊ नकोस

(मुलगी दूरच्या शहरातून फोनवर. आई स्वयंपाकघरात, खिडक्या बंद करून. बाबा पलीकडच्या खोलीत पडलेले.)

मुलगी : म्हणजे? तिकीट रद्द करू?

आई : कर.

मुलगी : अगं, आठवा संपत आला माझा. पहिलं बाळंतपण माझ्याजवळच, असं तूच घोकत होतीस ना?

आई : होते. आता नको म्हणतेय.

मुलगी : वहिनीला नकोय का मी? तसं स्पष्ट सांग.

आई : तिला मध्ये आणू नकोस.

मुलगी : का नको? कितीदा फोन केला, उचलत नाही. तिचेही दिवस भरत आले असतील, दोघींचं एकदम कुठे करा, म्हणून मला वाटेला लावलंस. हो ना?

आई : तिचं गेलं गं.

मुलगी : काय गेलं?

आई : बाळ. सहाव्या महिन्यात. तुला कुठल्या तोंडानं सांगणार होते? तूही त्याच अवस्थेत.

मुलगी : आई... आणि मी तिला टोपडी पाठवली.

आई : मी लपवली. ती माहेरी गेलीय. परत येणार नाही म्हणते, आणि मीही ये म्हणत नाही.

मुलगी : डॉक्टर काय म्हणाले?

आई : होतं असं कधीकधी, म्हणाले. मागच्या गल्लीत शिंपिणीचंही गेलं. दूधवाल्याच्या सुनेचं दोनदा. हे कसलं कधीकधी? कारखान्यानं प्लॅस्टिकचा नवा विभाग काढल्यापासून वाळत घातलेल्या कपड्यांवर भुकटी बसते. झटकली की खोकला.

मुलगी : कुणी विचारत नाही त्यांना?

आई : आम्ही बायका गेलो होतो ना फाटकावर. मग तपासणीला सरकारी साहेब आले, यंत्र लावलं, हवा चांगली आहे म्हणाले. त्या दिवशी कारखाना बंद ठेवला होता.

मुलगी : मग तुम्हीच या इकडे. सगळे.

आई : थांब, बाबा फोन मागतायत.

बाबा : पोरी... तुझं घर चौथ्या मजल्यावर. मला उंबरा... ओलांडवत नाही.

मुलगी : उचलून नेऊ, बाबा.

बाबा : आणि दादा? त्याला दुसरं काम कोण देणार? मीच चिकटवला त्या कारखान्यात. छाती फुगवून सांगत होतो गल्लीभर. आता... फुगतच नाही बघ. घे, आईशी बोल.

मुलगी : आई, मला काही येत नाही गं. बाळाला अंघोळ कशी घालायची तेही नाही.

आई : फोन समोर ठेवायचा. मी सांगेन तसं करायचं.

मुलगी : आणि मोठं झाल्यावर आजीकडे जायचं म्हणालं तर?

आई : मी येईन ना... बघू. आधी ऐक. पाण्यात कोपर बुडवून बघायचं. हाताला कळत नाही, कोपराला कळतं.

मुलगी : हं.

आई : मग मानेखाली हात. आवळायचा नाही, पण सोडायचाही नाही. ऐकतेयस ना?

मुलगी : ऐकतेय.

आई : आणि रडत रडत घालू नकोस. हात थरथरतात.