दाढीवाला नाचेचना!

...म्हणजे लाटणंच कापलं हो! नूडल्सची पोळी लाटायचं माझं हातभर लांब लाटणं, या कार्ट्यांनी करवतीनं कापून त्याचे चार पाय केले! कुणाचे? अहो, त्या... दाढीवाल्याचे! शिंगं असतात, में-में करतो, तो! लाकडाचा करतात, आमचं तीन तारांचं वाद्य, कोमुझ, वाजला की फळीवर नाचतो. नाव घेत नाही हं मी! सासऱ्यांच्या नावात नेमका तोच प्राणी, आणि आम्हा किर्गिझांत सुनेनं सासऱ्यांचं नाव तोंडातून काढायचं नाही. बाजारातसुद्धा मी "एक दाढीवाला द्या" म्हणते!

तर तुम्हाला सांगते, खूळ माझंच. बाहेर गुडघाभर बर्फ, शाळेला सुट्टी, म्हटलं मोबाइल ठेवा, घरीच खेळणं करू. झालं! चुलीपुढे भुसा, रश्शात भुसा, चहात भुसा... ऐजिरेक कोरतेय, तिचा भाऊ एल्दियार घासतोय, मी भोकं पाडतेय, आणि पाय असे घट्ट ठोकले की दाढीवाला हलेचना! बाबा, म्हणजे माझे सासरे, कोपऱ्यातून नुसते बघतायत. सासूबाई गेल्या तसा त्यांनी कोमुझ भिंतीला टांगला तो टांगलाच. बोलणंही नुसतं हूं आणि हां. मला तीच काळजी हो, हा माणूस असाच मिटत जाणार की काय?

एल्दियार म्हणतो, "आई, नाचव ना!" मी कशी नाचवू? त्याचा दोरा कोमुझ वाजवणाऱ्याच्या बोटाला बांधतात, आणि मला कोमुझ येतो का? ओढला दोरा, तर आडवाच पडला मेला! आणि कोपऱ्यातून काय आलं? "सूनबाई, हा..." नाव घेत नाही हं! "...हा तो आहे की कपाट?"

बाबा बोलले हो! उठले, दाढीवाल्याच्या पायांतल्या खुंट्या ढिल्या केल्या, भिंतीवरचा कोमुझ काढला, तारा जुळवल्या. ऐजिरेकनं दोरा त्यांच्या बोटाला बांधला. वाजायला लागलं... आणि टक टक टक, नाचला की दाढीवाला! मुलं किंचाळतायत, बाबा हसतायत, मी भुशाच्या हातांनी डोळे पुसतेय, मग डोळ्यांत भुसा, मग आणखी पाणी... देवाचे उपकार, दुसरं काय म्हणू!

तेव्हापासून काय विचारता! सकाळी टक टक, जेवताना टक टक. शेजारीण विचारते, "अगं, सुतार बसवलाय का घरात?" कान किटले बाई! पण मघाशी जरा शांत झालं, तर मीच हातातली भांडी टाकून धावले, "बाबा, का थांबलात?"

चहा पीत होते बिचारे. म्हटलं, तुम्ही वाजवा, चहा मी पाजते!