पावणेआठ पहिल्या रांगेत

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, ज्यांच्या पत्र्याच्या गोदामात आमचा बँड वाढला ते गोदाममालक. व्यासपीठावर बसलेल्या आमच्या ड्रमरच्या आई. आमचा पहिला अल्बम ध्वनिमुद्रित करणारे स्टुडिओवाले काका. आणि कानात कापूस न घालता आलेल्या रसिकहो, नमस्कार.

मी या बँडमध्ये बेस गिटार वाजवतो आणि पोटासाठी चष्मे विकतो. भाषणाची सवय नाही. पण आमची गायिका म्हणाली, "अल्बममध्ये तू कुणाला ऐकू येत नाहीस, निदान इथे तरी ऐकू ये."

आम्ही मेटल, म्हणजे दणदणाटी रॉक वाजवतो, तेही आडवाटेचं. प्रोग्रेसिव्ह म्हणतात त्याला. साधं गाणं चार मात्रांत घरी पोचतं. आमचं सातात निघतं आणि अकरात वाट चुकतं. याला जबाबदार आमचा ड्रमर. आठ मात्रा त्याने कधी धड पूर्ण होऊ दिल्या नाहीत, म्हणून त्याचं नाव पावणेआठ. दिवसा तो लिफ्ट दुरुस्त करतो. तिथे तो मजले पूर्ण मोजतो, अशी आशा आहे.

त्याला आज निरोप द्यायचा आहे. परगावी चांगली नोकरी लागली, आनंदच आहे. पण ती ठरल्यापासून आम्ही सगळे एक प्रश्न गिळून हिंडत होतो. पावणेआठ गेल्यावर बँडचं काय?

स्टुडिओतल्या शेवटच्या दिवशी अल्बममधलं शेवटचं, सर्वांत लांब गाणं राहिलं होतं. ते आम्ही वाजवलं. असं वाजवलं की कुणाची मात्रा चुकली नाही. मग कळलं, रेकॉर्डिंगचं बटण दाबलंच नव्हतं. काकांना वाटलं, आमची तालीम चालली आहे.

"लाल दिवा लागला नव्हता," गायिका म्हणाली. "मला दिसलं सुरुवातीलाच."

"अगं, मग बोलायचं ना!"

"मोजणी चालू असताना बोलायचं नाही. नियम कुणाचा?"

नियम माझाच.

पुन्हा वाजवायला बसलो तर पावणेआठच्या मनगटात चमक भरली. काठी धरवेना. तेवढ्यात त्याची धाकटी बहीण घराची किल्ली मागायला आली. ती प्रयोगशाळेत रक्त तपासते. दोन मिनिटं तिने तमाशा पाहिला.

"दादा, सरक."

"तुला येतं?"

"जेवताना टेबलावर चमच्याने कोण बडवायचं? माझं ताट नाचायचं रोज. पाठ झालंय. आणि तिसऱ्या वळणावर तू घाई करतोस."

(आई हसतायत, म्हणजे खरं आहे.)

तिने वाजवलं. या वेळी लाल दिवा लागला होता. तिसऱ्या वळणावर ती थांबून, ऐसपैस वळली. पावणेआठ ओला टॉवेल मनगटाला गुंडाळून शेजारी उभा. शेवटी नुसता "हं" म्हणाला. लिफ्ट नीट चालली की म्हणतो, तसा.

काका म्हणाले, "हात बरा झाला की ये. तुझं घेऊ पुन्हा. पहिला अल्बम आहे, बाबा."

त्याने मनगटाचा टॉवेल सोडून पिळला. म्हणाला, "नको. हेच ठेवा. पुढे कोण वाजवणार, ते लोकांना आत्ताच कळू दे."

बहीण म्हणाली, "मी हो कुठे म्हटलंय?"

"सरक म्हणालीस ना? सरकलो."

अध्यक्षमहोदय, गोदामाची किल्ली आता हिच्याकडे राहील.

थोड्याच वेळात आम्ही तेच गाणं सादर करू. पावणेआठने निरोपाची भेट म्हणून एकच गोष्ट मागितली: समोरची एक खुर्ची. इतकी वर्षं त्याने आमच्या पाठी पाहिल्या, बँड समोरून कधी ऐकलाच नाही. तो पहिल्या रांगेत बसेल.

आपण आलात, आभारी आहोत. बोलण्यात उणंअधिक झालं असेल, तर आता होणाऱ्या आवाजात विसरून जा. आणि हो, गाणं मध्ये दोनदा संपल्यासारखं वाटेल. टाळ्यांची घाई करू नका. पावणेआठने टाळी वाजवली की वाजवा.