सामाईक विहिरीचा पूर्वेकडील कठडा

मी, जयराम भिका साळवे, वय ४७ वर्षे, धंदा मोटार रिवाइंडिंग व पंपदुरुस्ती, दुकान द्वारका, नाशिक, राहणार दुकानामागील खोलीत. आज दिनांक १२ फेब्रुवारी १९८२ रोजी मला कोणी बोलावलेले नसताना ठाण्यात आलो असून समक्ष सांगतो तो मजकूर असा.

माझे दुकान चौदा वर्षांपासून आहे. त्याआधी मी दुसऱ्याच्या दुकानात पाने-पक्कड उचलून देत होतो. धंदा कोणी शिकवला नाही, कानाने शिकलो. मोटारीचे कोणते बेअरिंग गेले ते मला रस्त्यावरून कळते. ही बढाई नव्हे. पुढे जे सांगायचे आहे ते बहुतेक ऐकलेलेच आहे, म्हणून आधी सांगितले.

एकलहरे शिवारातील चिमाजी टिळे व त्यांचा धाकटा भाऊ झुंबर टिळे हे दोघेही माझे जुने गिऱ्हाईक. सन १९७५ साली त्यांची वाटणी झाली. जमीन तुटली, विहीर तुटेना. मोजणीवाल्याने नकाशावर विहिरीच्या गोलातून सरळ रेघ ओढली आणि निम्मी निम्मी करून दिली. तेव्हापासून दोन घरांत बोलणे नाही. चिमाजीने आपली बायको धोंडाबाई हिला चार माणसांत बजावले आहे की, त्या घराशी एक शब्द बोललीस तर माहेरी पोचवीन, परत आणणार नाही. तेव्हा मी तिथे हजर होतो.

पूर्वेकडे ती रेघ कठड्यावरून जाते. हद्द दिसावी म्हणून चिमाजीने आपली मोटार रेघेला खेटून ओट्यावर बसवली. मोटारीच्या हादऱ्याने नेमका रेघेवरचा सांधा सुटला. तिथला दगड पोकळ वाजत होता. मी चिमाजीला म्हणालो, "दादा, कठडा वाजतोय. दोन पाट्या सिमेंट लावा." तो म्हणाला, "सांधा त्याच्या अंगाला हाय. मी कशाला लावू?" झुंबरला सांगितले, तर तो म्हणाला, "मी हात लावला तर उद्या म्हणंल, माझ्या हद्दीत घुसला." शेवटी मी म्हणालो, मी पदरचे सिमेंट लावतो. त्यावर दोघांनी आपापल्या बांधावरून मला एकच उत्तर दिले, "लावाल, पण नाव कोणाचं लागंल?" सात वर्षांत ते दोघे एवढ्या एका गोष्टीवर एकमताचे झालेले मी पाहिले. सांधा तसाच राहिला.

मंगळवार, ९ तारखेस सकाळी साडेनऊला मी झुंबरच्या मोटारीचा फुटव्हॉल्व, म्हणजे पाइपाच्या तळाची झडप, साफ करण्यासाठी पश्चिमेच्या पायऱ्यांनी विहिरीत उतरलो व पाण्यालगतच्या पायरीवर बसलो. विहीर खोल आहे. खालून वरचे जग ताटाएवढे दिसते. पाणी हिरवे, पाण्यात आभाळ, आभाळात पारवे. पारवे चिमाजीच्या कपारीतून उडत आणि झुंबरच्या कपारीत बसत. वीजघराच्या चिमणीचा धूर त्या ताटाच्या एका काठावरून दुसऱ्या काठाकडे सावकाश जात होता. हात काम करत होते, पण मी कोणाच्या तरी झोपेत बसलो आहे असे वाटत होते. किती वेळ गेला ते सांगता येत नाही. रेघ कुठून जाते ते पाण्यात शोधून पाहिले, सापडली नाही. हवालदार म्हणतात, हे लिहायचे कारण नाही. माझे म्हणणे, मी जागा होतो का असे उद्या कोणी विचारील, म्हणून लिहावे.

दहाला लाइट आली. धोंडाबाईने येऊन चिमाजीची मोटार चालू केली व ती त्याच कठड्यावर बसली. समोरच्या काठाला झुंबरची बायको मैना बसली. मोटारीच्या आवाजात लांब बांधावरच्या माणसाला काही ऐकू येत नाही. काठावर व खाली सगळे येते. तेव्हा मला समजले की त्या दोघी रोज मोटार चालू असेपर्यंत बोलतात.

मैना म्हणाली, "आक्का, पाय लय सुजलेत."

"सातव्यात सुजायचेच. मीठ कमी खा. अन् आडात मोटारवाला उतरलाय म्हणं, त्याला चहा पाजला का?"

"दोनदा पाजला. वर आला का तिसऱ्यांदा मागंल."

"पाज, दुधाचा पाज. बिल लावताना हात आखडंल."

मी खोकलो नाही. बिल खरोखर पाच रुपयांनी कमी लावायचे मनात आले होते.

नंतर मैना म्हणाली, "तुमी याल ना आक्का, माझ्या येळंला?" त्यावर धोंडाबाईने काय उत्तर दिले ते सांगता येत नाही, कारण त्याच वेळी सांध्याचा आवाज बदलला. मी ओरडलो, "वहिनी, उठा!" तोवर कठडा सुटला. मोटार ओट्यासकट समोरच्या बाजूला पाण्यात गेली. वायर तुटताना वर फ्यूज उडाला, म्हणून मी जबाब द्यायला शिल्लक आहे. धोंडाबाई खाली घसरली व कपारीत अडकून राहिलेल्या पाइपाला लोंबकळली.

झुंबर वीस पावलांवर द्राक्षांना पाणी देत होता. तो चिखलाच्या पायांनी धावत आला, बांध ओलांडला, चिमाजीच्या बाजूला पालथा पडला व तिचे मनगट धरले. "वहिनी, सोडू नका. मी नाय सोडीत," असे तो म्हणत होता. बांगड्यांचे तुकडे पाण्यात पडले, ते मी पाहिले. त्याने तिला वर घेतले. वर येताच ती पहिले वाक्य बोलली ते हे, "भाऊजी, आधी पलीकडं जा. कोणी पाहील." तो गेला. मी वर आल्यावर तिने आम्हा तिघांना हात जोडले आणि घरी सांगू नका म्हणाली. आम्ही कबूल झालो.

चिमाजी त्या वेळी पंचवटीच्या बाजारात माल घेऊन गेला होता. दुपारी परत येऊन पाहतो तो मोटार नाही व आपल्या हद्दीत झुंबरची चिखलाची पावले. त्यावरून झुंबरनेच मोटार विहिरीत ढकलली अशी त्याने फिर्याद दिली. बायकोचा हात का सुजला विचारले, तर ती गोठ्यात पडले म्हणाली. झुंबरला काल धरून आणले. तो काहीच बोलत नाही. त्याला बोलायचे नाही असे नव्हे, त्याने शब्द दिला आहे.

काल संध्याकाळी धोंडाबाई एस.टी.ने माझ्या दुकानी आली. म्हणाली, "जयरामभाऊ, सांगून टाका. तो गजाआड अन् मी घरात, हे मला जमायचं नाय." मी म्हणालो, "वहिनी, घर सुटंल." ती म्हणाली, "सुटू द्या." आज ती माझ्याबरोबर आली असून बाहेर ओसरीवर बसली आहे. मैनाही आली आहे. धोंडाबाईचा हात बांधलेला असल्याने मैना तिला बशीने चहा पाजत आहे. दोघी उघड बोलत आहेत व लोक बघत आहेत.

झुंबरने मोटार ढकलली नाही. मोटार ज्या सांध्यामुळे पडली त्याला दोघांपैकी कोणी हात लावला नव्हता.

मला विचारले की, झुंबर हद्द ओलांडून चिमाजीच्या जमिनीत गेला हे खरे काय. खरे आहे. तीन पावले गेला. मालकाच्या परवानगीने गेला काय, असे विचारले. मी म्हणालो, मी विहिरीत होतो, मालकाला विचारावे.

फिर्यादी चिमाजी भिंतीजवळच्या बाकावर बसून सर्व ऐकत होता. त्याने टोपी काढून हातात घेतली होती. त्याने मला विचारले, "खाली पाणी किती होतं?"

मी सांगितले, "दोन पुरुष खोल."

तो खिडकीतून ओसरीकडे बघत राहिला. हवालदारांनी पुन्हा विचारले, परवानगी होती की नव्हती.

चिमाजी म्हणाला, "होती. लिहा."

"कधी दिली होती?"

"तो रांगायचं सोडून चालायला लागला तवा."

हवालदारांनी तसे लिहून घेतले.

येथवरचा मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखविला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर उतरला आहे, त्यात कमीजास्त काही नाही, म्हणून खाली सही करीत आहे.

जयराम भिका साळवे