नीट आणा

गणपतराव : पुन्हा वाचतो. 'नमुना घासून चकाकता केलेला आहे. काजळी नाही. चिरेच्या कडा झिजल्या आहेत. त्यामुळे स्फोटाचे कारण सांगता येत नाही.' प्रयोगशाळेचा अहवाल आहे हा. मल्लव्वा, तो फुटलेला गॅसचा रेग्युलेटर कुणी घासला?

मल्लव्वा : मीच की. चांदीकामाच्या हुपरीतनं बाहेर पडायची वस्तू, वकीलसाहेब. काळी कशी पाठवायची?

गणपतराव : अहो, ती वस्तू नव्हती, पुरावा होता.

मल्लव्वा : चांदीगत रिठ्याच्या पाण्यात भिजवला आन पितळी बुरुशानं घासला. डाव्या हातानं. उजव्याची बोटं मिटत न्हाईत, म्हणून तीन दिस लागलं.

गणपतराव : तीन दिवस!

मल्लव्वा : आरशावानी झालता. तुमच्या टेबलावर ठेवला तवा तुमी कायच बोलला न्हाईसा. मला वाईट वाटलं जरा.

गणपतराव : फडक्यात होता. आपला हात लागायला नको म्हणून मी उघडलाच नाही. तसाच लाखेनं बंद करून ग्राहक आयोगात दिला.

मल्लव्वा : मग आता?

गणपतराव : उद्या रेग्युलेटर कंपनीचा वकील म्हणेल, बाईंनी पुरावा मुद्दाम बिघडवला. ते मान्य झालं तर चार वर्षांचं प्रकरण संपलं.

मल्लव्वा : मुद्दाम? गॅसच्या जाळावर पैंजणाच्या कड्या झाळताना त्यो माज्या हातावर फुटला. आन मीच कंपनीला वाचवीन व्हय?

गणपतराव : मला कळतंय. पण घासायचं तुमच्या मनात आलं कसं?

मल्लव्वा : तुमीच सांगितलासा की.

गणपतराव : मी?

मल्लव्वा : फोनवर. 'मल्लव्वा, रेग्युलेटर नीट घेऊन या.' आमच्या घरधन्यांनी बी ऐकलं. म्हणलं, आयोगात जायचा हाय, नीट न्ह्यायला पायजे.

गणपतराव : नीट म्हणजे जपून, हो.

मल्लव्वा : आमच्यात नीट म्हंजे चकचकीत. गिऱ्हाईक 'माल नीट द्या' म्हणलं की आमी बुरूसच उचलतो.

(गणपतराव अहवालाची घडी घालून बाजूला ठेवतात.)

गणपतराव : 'आहे तसा आणा.' एवढंच म्हणायचं होतं. हे उद्या सांगावं लागेल.

मल्लव्वा : तुमचं नाव कशाला? माझं मलाच सुचलं म्हणून सांगते. फुकट केस लढलासा, वर हसं कशाला करून घेतासा?

गणपतराव : खोटं बोलायचं नाही. आणि तसं बोललात तर तुम्ही एकट्या पडाल. प्रतिज्ञापत्र मी करतो, की हा शब्द माझा.

मल्लव्वा : करा मग. आन बोला बी तुमीच.

गणपतराव : तेच जमणार नाही. साक्षीदार झालो की या प्रकरणात मला वकील राहता येत नाही. माझी ज्युनियर अनुजा उभी राहील.

मल्लव्वा : ती? परवा मला नुसती तारीख सांगताना बी तीनदा अडखळली.

गणपतराव : तिचा अभ्यास चांगला आहे. माझ्यापेक्षा बरा असेल.

मल्लव्वा : पटंल का आयोगाला?

गणपतराव : माहीत नाही.

मल्लव्वा : चार वर्सं 'बघूया' तरी म्हणत हुतासा.

गणपतराव : दमलोय आज. हे अनुजाच्या नावाचं वकीलपत्र, वाचा आणि इथे सही करा. डाव्या हाताची चालते.

मल्लव्वा : सावकाश करू द्या की. डावा बी आखडतोय अजून. ...झाली. तुमची?

गणपतराव : माझी उद्या, शपथेवर. एकतीस वर्षं दुसऱ्यांना पिंजऱ्यात उभं केलं, मल्लव्वा. स्वतः कधी उभा राहिलो नाही. जरा भीती वाटते.

मल्लव्वा : पयल्यांदा मला बी वाटली हुती. त्या वकिलाच्या तोंडाकडं बगू नगासा. वर पंखा हाय, त्येच्याकडं बगून बोला.