झुरळांनी जिती केलेली रूलिंगं

आता बोला! झुरळांनी खाल्लं, त्यात या लच्छूचा काय गुन्हा? तुमीच सांगा ना! वीस वर्षं झाली, अहेरीच्या कोर्टात मुन्शीगिरी करून राह्यलो, पण आमच्या सत्यशीलाताई वकिलाचं एकच पालुपद... "लच्छूभाऊ, आधी पाहा, रूलिंग जितं हाये का मेलं!"

तुमाले सांगतो, कोर्टाच्या जुन्या निकालाईचं, म्हंजे रूलिंगाईचं बी जन्म-मरणाचं रजिस्टर असते. हे जाडजूड सूचीचं पुस्तक! कोणता निकाल मोठ्या कोर्टानं पुढं मानला, कोणता मोडीत काढला, सारं त्यात. दरसाल नागपूरहून बारक्या चिठ्ठ्यांचा पुडका येते. निकाल मोडला का त्याच्या नंबराशेजारी चिठ्ठी चिकटवाची. चिठ्ठी दिसली... समजाचं, रूलिंग मेलं!

तं औंदा उन्हाळ्यात पुडका आला अन् गोंदाची बाटली वाळलेली. जिल्हा नवा झाला, बाटली जुनीच! म्हटलं, आपण धानाच्या मुलखातले लोक, गोंद कायले इकत आणाचा? बायकोनं, मनकर्णेनं, मऊ भात घोटून खळ करून देल्ली. तीनशे चिठ्ठ्या चिकटवल्या, तीनशे! ताई म्हणे, "वास कशाचा येऊन राह्यला?" म्हटलं, "ज्ञानाचा!"

मंग पावसाळ्याच्या तोंडी आला आलापल्लीकडचा कोलू. त्याच्या पुतण्यानं बंडीत सागवान घातलं, अन् जंगलवाल्याईनं बंडी बैलासकट जप्त केली. धानाचा रोवणा, म्हंजे लावणी, आठ दिवसांवर! "भाऊ, बैल नाई सुटले तं चिखल मी वढू का?" मले त्याच्याकडं पाहावे ना.

काढलं पुस्तक. बैल सोडाचं एक रूलिंग भेटलं, शेजारी चिठ्ठी नाई, डाग नाई! ताईनं विचारलंच, "जितं हाये का मेलं?" म्हटलं, "ठणठणीत हाये, ताई!"

कोर्टात ताईनं असं खणखणीत वाचलं म्हणता... अन् सरकारी वकील श्रीहरीराव हळूच उठले, चष्मा पुसत, "साहेब, ताईंचं हे रूलिंग गेल्याच वर्षी स्वर्गवासी झालं!" सारं कोर्ट हासे! ताईनं माह्याकडं पाह्यलं... ते पाहणं नोका विचारू! पुस्तक उघडलं तं काय, चिठ्ठ्याच गायब! खळीच्या वासानं झुरळांनी पंगत उठवली होती, चिठ्ठीसकट! मेलेली सारी रूलिंगं उठून बसली! कोलू दुपट्ट्यानं डोळे पुसे, अन् मले धरणीत गडप व्हावं वाटे.

श्रीहरीरावांनी मंग आपलं रूलिंग काढलं, बैल सोडताच येत नाई म्हणून. मी तो नंबर काढला... शेजारी पांढरा डाग, अन् डागात एक वाळलेलं शीत! "ताई, इथी शीत हाये!"

ताई ताडकन उठल्या. "साहेब, शीत आहे म्हणजे खळ होती, खळ होती म्हणजे चिठ्ठी होती. हेही मेलेलंच!"

"माझ्या पुस्तकात चिठ्ठी नाही!" श्रीहरीराव म्हणे. जजसाहेबांनी कोर्टाचं पुस्तक मागवलं. त्यात चिठ्ठी हाजर! मंग कळलं, श्रीहरीरावांच्या मुन्शीनं चिठ्ठ्या छापलेल्या शेवटच्या कागदात चिवडा बांधून आणला होता!

साहेब पुण्याकडचे. हसू दाबत म्हणे, "शितावरून भाताची परीक्षा ऐकली होती, कायद्याची आज पाहिली. दोन्ही रूलिंगं मेलेली. मग या खटल्यात जिवंत आहे तरी काय?"

कोलू हात जोडून उठला, "बैल हायेत, साहेब! अन् थोडासा मी!"

सुटले! केस संपेपर्यंत सांभाळाच्या लिखापढीवर बैल सुटले, रोवणा झाला!

दिवाळीनंतर कोलू नव्या धानाचा तांदूळ घेऊन आला. ताईपुढं नाई, माह्यापुढं ठेवला. "भाऊ, खळीले!" ताईनं ऐकलं... तांदूळ उचलून घरी नेला अन् माह्यापुढं तीनशे नव्या चिठ्ठ्या आदळल्या.

आता पाहा... ताईच्या घरी भात, त्या मुन्शीले चिवडा, बैलाईले तणस, अन् झुरळांची तं पंगतच झाली. या लच्छूच्या हाती काय? गोंदाची बाटली!