सुयांची उशी

डोळ्यांच्या दवाखान्यात म्हातारा गवंडी नंबरची वाट पाहत बसला होता. शेजारी सासू-सून होत्या. सासूच्या मांडीवर सुयांचा जुना पत्र्याचा डबा होता. गवंड्याची नजर दाराकडे होती, पण कान शेजारी.

“आई, आता तरी डबा माझ्याकडे द्या.”

“मागे दिला होता ना? सुया टोचायच्या उशीतले केस उपसून कापूस भरलास. सगळ्या सुया गंजवल्यास!”

“मला वाटलं, केस म्हणजे घाण.”

“अगं, केसांच्या तेलावरच सुया जगतात. माझ्या सासूनंही केसच भरले होते.”

“उघडून तर बघा.”

झाकण कुरकुरलं.

“गंज कुठं गेला?”

“राखेनं घासला. एकेक सुई धरून.”

“आणि उशी एवढी भरीव कशी? काय कोंबलंस?”

“केस. माझेच. फणीतले साठवत होते.”

“तरीच! मी म्हणतेय, हल्ली घरात एक केस सापडत नाही.”

सासूनं सुई रुमालातून आरपार ओढली. पुन्हा ओढली.

“लोण्यातून गेल्यासारखी गेली गं!”

तेवढ्यात नर्सनं हाक मारली. “आजी, चला आत. डबा कुणाकडे तरी द्या.”

“कुणाकडे तरी कशाला? जिचा आहे तिच्याकडेच देते.”